आजीच्या पिशवीतले चिंचोके

दोस्तांनो,

या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गावाहून आलेलं पत्र होतं. वहीचं पान फाडून लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी, आणि जागा संपली म्हणून शेवटी समासातसुद्धा! लिहिणारी मैत्रीण आठवीत शिकते. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं लिहिलंय, म्हणून छापत नाही. पण पत्रात काय आहे ते तुम्हांला सांगायला तिची हरकत नाही.

तिची आजी दिवाळीनंतर गेली. पुढे महिनाभरानं शाळेत ‘माझी आवडती व्यक्ती’ या विषयावर बोलायचं होतं. हिनं अर्थातच आजीचं नाव दिलं. व्यासपीठावर गेली आणि म्हणाली, ‘माझी आजी निवृत्त समाजसेविका होती. ती खूप प्रेमळ होती. ती सगळ्यांना मदत करायची. ती मला फार आवडायची.’ चार वाक्यं झाली आणि पाचवं सुचेना. बाई म्हणाल्या, ‘अगं, समाजसेविका म्हणजे काय करायच्या त्या?’ हिला उत्तर देता आलं नाही. खाली येऊन बसली आणि मग रडू आलं.

पत्रात पुढे ती लिहिते :

‘ताई, आजी बालवाडीत शिकवायची एवढं मला माहीत होतं. पण ते माझ्या जन्माच्या आधी. नंतर ती महिला मंडळात जायची, कुणाकुणाच्या घरी जायची. दुपारची ती घरी नसायचीच. माझ्या वेण्या आईच घालायची. खरं सांगू का, कधी कधी मला आजीचा राग यायचा. ती लोकांची जास्त आणि आमची कमी होती. आता तिची ट्रंक आवरली तर खाली एक कापडी पिशवी निघाली. तिच्यात चिंचोके, रिठे, सागरगोटे, सीताफळाच्या बिया, नदीतले शिंपले आणि बांबूच्या छोट्या नळ्या आहेत. शिवाय दात मोडलेली एक फणी आणि एक नेलकटर. आई म्हणते, टाकून दे. मी टाकली नाही. पण आजीनं हा कचरा एवढा जपून का ठेवला?’

पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसले. मग मनात म्हटलं, याचं उत्तर एका ओळीत द्यायचं नाही. आजच्या गप्पा त्यावरच.

*

तर माझ्या मैत्रिणी, सर्वांत आधी एक सांगते. पिशवी टाकून दिली नाहीस हे फार बरं केलंस. तो कचरा नाही. ती एक अख्खी शाळा आहे.

तुझ्या आजीला मी पाहिलेलं नाही. ती कुठं शिकली, तिला हे काम कुणी शिकवलं, हे मला सांगता येणार नाही. पण ही पिशवी कुठून आली ते सांगता येईल. त्यासाठी मात्र आधी तुझ्या शेजारच्या बारामती तालुक्यात जावं लागेल, आणि तिथून पार डहाणूच्या टेकडीपर्यंत.

बारामती तालुक्यातलं मोरगाव तुम्हां सगळ्यांना ठाऊक असेल. अष्टविनायकांतला पहिला गणपती, मयूरेश्वर. कऱ्हा नदीचा काठ, चार कोपऱ्यांना मनोरे असलेलं देऊळ, आणि गंमत म्हणजे गणपतीसमोर बसलेला नंदी! सहलीला जाऊन आलेल्यांनी तो नंदी नक्की पाहिला असणार. पण याच मोरगावात १७ मार्च १९१० रोजी एक मुलगी जन्मली, हे किती जणांना माहीत आहे? तिचं नाव अनुताई वाघ.

हे नाव ऐकून काही जण मान हलवतील, काही जण ‘कोण बरं?’ म्हणतील. हरकत नाही. मोठेपणी ज्यांच्या कामाचा फायदा लाखो मुलांना झाला, त्यांची नावं त्या मुलांना ठाऊक नसतात असं पुष्कळदा होतं. तुमच्यापैकी जे कुणी तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंगणवाडीत जाऊन खिचडी खात, टाळ्या वाजवत गाणी म्हणाले असतील, ते सगळे अनुताईंचे नातू आणि नाती आहेत. आपली आजी कोण, हे फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही!

*

अनुचं लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

थांबा. हे वाक्य घाईनं वाचून पुढे जाऊ नका. तेरा वर्षं म्हणजे सातवी-आठवी. म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचंच वय. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मुलीचं लग्न किमान चौदाव्या वर्षानंतरच व्हावं असं सांगणारा सारडा कायदासुद्धा १९२९ साली झाला आणि १९३० पासून लागू झाला. मुलींसाठी अठरा वर्षांची अट तर १९७८ मध्ये आली. अनुचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं.

आणि लग्नानंतर सहा महिन्यांच्या आतच तिचा नवरा वारला.

तेरा वर्षांची विधवा. या दोन शब्दांत काय काय होतं, ते तुमच्या पणजीच्या पिढीतल्या बायकांनाच विचारावं. चांगलं लुगडं नको, सणासमारंभात पुढे येणं नको, हसणं-खिदळणं नको. घरातल्या एका कोपऱ्यात कामाला जुंपून घ्यायचं आणि आयुष्य संपायची वाट बघायची. कित्येक मुलींच्या नशिबी हेच आलं. त्यांची नावंसुद्धा कुठं लिहिलेली नाहीत.

अनु मात्र पुन्हा पुस्तकांकडे वळली. १९२५ साली ती व्हर्नाक्युलर फायनल पास झाली. ही तेव्हाची मराठी शाळेची शेवटची परीक्षा. ती झाली की शिक्षकाची नोकरी मिळू शके. पुढे पुण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन १९२९ साली तिनं तेही शिक्षण पुरं केलं. मग नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात खेड्यांतून शिकवलं. विशी ओलांडतानाची एकटी बाई, परकं गाव, आणि मुलींना शाळेत पाठवायला नाखूश असलेले लोक! चार वर्षं हे केल्यावर त्या पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत आल्या. (आता मी ‘त्या’ म्हणायला लागले, लक्षात आलं ना? आता त्या बाई झाल्या होत्या.) नोकरी सांभाळून शिकत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या.

पुण्यासारखं शहर, नावाजलेली शाळा, कायमची नोकरी. एका बालविधवेनं स्वतःच्या हिमतीवर इथपर्यंत यावं, हेच केवढं मोठं होतं! इथेच गोष्ट संपली असती तरी आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

पण गोष्ट संपली नाही.

*

फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, इंग्रजांच्या कैदेत असतानाच कस्तुरबा गांधी वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ देशभरातून निधी जमला आणि त्यातून खेड्यांतल्या बायकामुलांसाठी काम करायचं ठरलं. त्या कामासाठी ग्रामसेविका तयार करायचं एक शिबिर १९४५ साली मुंबईजवळ बोरिवलीला भरलं. अनुताई त्या शिबिराला गेल्या. तिथं त्यांना ताराबाई मोडक भेटल्या.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं होतं. मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याला मारून-मुटकून नव्हे तर खेळातून, हातानं काम करू देऊन शिकवायला हवं, हे त्या दोघांनी लोकांना पटवून दिलं. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. ही छान छान बालमंदिरं होती ती शहरांत, पैसेवाल्यांच्या मुलांसाठी. खेड्यातल्या गरीब मुलाचं काय? ते बघायला त्या ठाणे जिल्ह्याच्या टोकाला, समुद्राकाठच्या बोर्डी गावी जायला निघाल्या होत्या. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो.

पस्तीस वर्षांच्या अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या, आणि मग तिथल्याच झाल्या.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण विचार करा. एवढ्या कष्टानं मिळवलेली पुण्याची नोकरी, घर, ओळखीची माणसं, हे सोडून जिथं उद्याचा भरवसा नाही अशा ठिकाणी जायचं. आणि तेही कुणी पाठवलं म्हणून नव्हे, आपल्याला वाटलं म्हणून!

*

बोर्डीला १९४५ साली ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’ सुरू झालं. बालवाडी उघडली. आणि पहिलाच पेच पडला. गावातली मुलं आली, पण हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात.

तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? ‘आम्ही शाळा काढली, तुम्हांला येता येत नसेल तर तुमचं नशीब.’ नाहीतर म्हटलं असतं, ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही.’

ताराबाई आणि अनुताईंनी वेगळं केलं. मुलं का येत नाहीत हे बघायला त्या त्यांच्या वस्तीत गेल्या. कारणं समोर दिसली. आई-बाप पहाटेच कामाला गेलेले. मुलांना अंघोळ कोण घालणार, केस कोण विंचरणार? अंगावर धड कपडा नाही. आणि गावातल्या बालवाडीत पाऊल टाकायची भीती, कारण ‘तिकडे आपण जायचं नसतं’ असं पिढ्यान्‌पिढ्या बजावलेलं.

मग त्यांनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात सडा टाकायचा, मुलं गोळा करायची. आणि पहिला तास कशाचा, माहीत आहे? अंघोळीचा! तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नखं कापायची. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज सरकारी कागदांवर, गावोगावच्या पाट्यांवर आणि देशातल्या कितीतरी भाषांत जो शब्द वापरला जातो, तो असा एका अंगणातून आला.

आता माझ्या मैत्रिणी, तुझ्या आजीच्या पिशवीतली ती दात मोडलेली फणी आणि ते नेलकटर आठव बरं. ते कुणासाठी होतं?

*

आता चिंचोक्यांकडे येऊ.

मादाम माँटेसरी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इटलीतल्या डॉक्टर मारिया माँटेसरी. लहान मुलं हातांनी शिकतात, हे ओळखून त्यांनी सुंदर सुंदर साधनं बनवली. लाकडी ठोकळे, रंगीत मणी, गुळगुळीत आणि खरखरीत फळ्या. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षं इथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीचा आपल्याकडे खूप बोलबाला झाला. पण ती साधनं महाग! बोर्डीच्या अंगणात ती कुठून आणायची?

या दोघींनी आजूबाजूला पाहिलं. समुद्रकाठ होता, तिथं शिंपले फुकट. रानात बिया, पानं, फुलं, बांबू. ओढ्यात गोटे. पैसा एक नाही आणि साधनांचा नुसता ढीग!

या साध्या वस्तूंतून मूल काय काय शिकतं, ते बघा हं. वाटीभर चिंचोके आणि वाटीभर रिठे एकत्र करून मुलापुढे ठेवायचे. ‘वेगळे कर’ म्हणायचं. मूल रंग बघतं, आकार बघतं, हातानं चाचपतं. सारखं काय आणि वेगळं काय, हे त्याला कळतं. सगळ्या गणिताची आणि शास्त्राची सुरुवात इथूनच. मग पाच चिंचोके इकडे, तीन तिकडे, सगळे मिळून किती? लहान बी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत उचलायची, बांबूच्या नळ्या दोऱ्यात ओवायच्या. त्यानं बोटांना जी सवय लागते तीच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते. शिंपल्यांची रांग लावली की नक्षी होते. नक्षी वळवली की अक्षर होतं. मुलाला वाटतं, मी खेळतोय. आणि बाईंना ठाऊक असतं, हा शिकतोय.

म्हणून म्हटलं, ती पिशवी म्हणजे शाळा आहे. बोर्डीत शिंपले होते, तुमच्याकडे भीमेचा काठ आहे, चिंचा आहेत, सीताफळं आहेत. तुझ्या आजीनं आपल्या गावातलं जे हाताशी होतं ते वेचून आपली शाळा तयार केली. दुकानात मिळत नाहीत अशा गोष्टी आहेत त्या. वेचणाऱ्याचा वेळ लागतो त्यांना.

*

दहा-अकरा वर्षांनी हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथली बहुतेक वस्ती वारली आदिवासींची. पिढ्यान्‌पिढ्या सावकार आणि जमीनदारांकडे राबलेले लोक. ज्या वर्षी बोर्डीत बालवाडी निघाली, त्याच १९४५ साली या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. अशा ठिकाणी जाऊन ‘मुलं शाळेत पाठवा’ म्हटलं तर लोक लगेच थोडेच ऐकणार?

इथं नवे पेच होते. आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ. तिला म्हणायचं, भावाला घरी ठेवून ये? घरी आहे कोण? मग एकाच आवारात तान्ह्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा काढली. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात. तिला हाताच्या अंतरावर तो दिसतोय, त्यालाही ती दिसतेय. या प्रयोगाचं नाव ‘विकासवाडी’.

मुलगे येईनात, कारण ते गुरं राखायला गेलेले. गुरं काही शाळेच्या घंटेनं घरी येत नाहीत! मग शिक्षकच फळा घेऊन कुरणात गेले. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली शिकताहेत. ती ‘कुरणशाळा’. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा. तिन्ही नावांमागचं गणित एकच आहे. मूल शाळेत येत नसेल, तर मुलात खोट काढायच्या आधी शाळा हलवून बघा.

सगळं वाचताना सोपं वाटतं. पण रोज पाड्यांवर पायपीट, पावसात चिखल, आज आलेलं मूल उद्या गायब, पैशांची कायम ओढाताण. असं एक-दोन वर्षं नव्हे, सत्तेचाळीस वर्षं. या धबडग्यात स्वतःचं शिक्षणही अनुताईंनी सोडलं नाही. १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या पदवीधर झाल्या! परीक्षेचा कंटाळा आला की हा आकडा आठवत चला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई वारल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आपल्याकडे अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी माणसं निवृत्त होतात. इथं तर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली होती. थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्या थांबल्या नाहीत. केंद्र चालवलं, बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या, शिक्षक आणि पालकांसाठी लिहीत राहिल्या, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र लिहिलं. १९८२ साली, म्हणजे बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्याबरोबर ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था काढली. सरकारनं पद्मश्री दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी कोसबाडलाच त्यांचा शेवट झाला.

पत्रात ‘निवृत्त समाजसेविका’ असा शब्द आहे. माझ्या मैत्रिणी, पगार देणारं रजिस्टर निवृत्त करतं. पण तुझी आजी दुपारची घरी नसायची असं तूच लिहिलंयस. म्हणजे ती तरी कुठं निवृत्त झाली होती?

*

अनुताईंच्या कामाचं पुढे काय झालं, तेही सांगते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं देशातल्या ३३ भागांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. सहा वर्षांखालच्या मुलांना आहार, लसीकरण आणि खेळातून शिक्षण, गरोदर बायकांची काळजी, हे सगळं एका ठिकाणी. त्या ठिकाणाचं नाव अंगणवाडी. आज देशात तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. २०१० साली अनुताईंची जन्मशताब्दी होती. त्यांच्या शंभराव्या वाढदिवसानंतर पंधराच दिवसांनी, १ एप्रिलला, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तर तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाला पाया मानलं आहे.

म्हणजे काम संपलं का?

बारामती-इंदापूरच्या दोस्तांनो, हा प्रश्न खास तुम्हांला. दिवाळीच्या आसपास तुमच्याकडे कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणून पहाटे अंधारातच फडात जायचं. आणि मुलं? तीही बरोबर. आठ वर्षांची मुलगी कोपीत पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. रस्त्यानं बैलगाडी जाते तेव्हा वाढ्यांच्या भाऱ्यावर बसलेली ती तुम्हांला दिसते. तुमच्या सायकलच्या मागं दप्तर असतं, तिच्या कडेवर भाऊ.

या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, त्यांच्या मूळ गावी हंगामी वसतिगृहं निघाली. कुणाला त्यांचा उपयोग झाला, कुणापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. बोर्डीला जो पेच पडला होता, तो तुमच्या बांधावर अजून बसलेला आहे. पाचटाच्या कोपीपुढचं अंगण तेच, कडेवरचा भाऊ तोच. हे तुम्ही सोडवा असं मी म्हणत नाही. तुम्ही लहान आहात. पण शेताच्या कडेला राहणारी ती मुलगी शाळेत का येत नाही, एवढा प्रश्न तरी मनात येऊ द्या. ‘त्यांना गोडीच नाही’ असं म्हणू नका. आणि शाळेतल्या बाईंना, गुरुजींना जरूर सांगा, ‘अमक्या फडाजवळ इतकी मुलं आहेत.’ एवढं सांगायला वय लागत नाही.

*

आता शेवटी पुन्हा आपल्या मैत्रिणीकडे.

तुला आजीचा राग यायचा, असं तू लिहिलंस. समासात, बारीक अक्षरात. ते वाक्य खोडलं नाहीस याचं मला बरं वाटलं. तो राग खोटा नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे केस विंचरणाऱ्या बाईच्या नातीच्या वेण्या राहून जातात, हे खरंच आहे. त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचा तुला पुरेपूर हक्क आहे. आजी थोर होती म्हणून तो हक्क जात नाही. अशा घरांतली माणसंसुद्धा आपला वाटा देत असतात, ते कुणी मोजत नाही. तुझी आई तुझ्या वेण्या घालत होती, म्हणून आजी दुसऱ्या कुणाच्या घालू शकली. तेव्हा समाजसेवेत तुझ्या आईचाही वाटा आहे, आणि थोडासा तुझासुद्धा.

आता एक काम कर. ती पिशवी घे आणि आजीच्या बालवाडीत गेलेली माणसं शोध. ती आता मोठी झाली असतील. कुणी दूध घालत असेल, कुणी एस.टी.त कंडक्टर असेल, कुणाची मुलं तुझ्याच वर्गात असतील! त्यांच्यापुढे पिशवी उलटी कर आणि विचार, ‘आजी यांचं काय करायची?’ मी पैज लावते, चिंचोके बघितल्यावर माणसं बोलायला लागतील. ते बोलतील ते वहीत लिहून घे. तारीख घाल. ज्यानं सांगितलं त्याला वाचून दाखव. व्यासपीठावर न सुचलेलं पाचवं वाक्य तिथं सापडेल. सहावं आणि सातवंसुद्धा.

आणि बाकीच्यांनो, ज्यांची आजी अजून घरात आहे त्यांनी हसू नका. तुम्हांला तरी तुमच्या आजीबद्दल पाच वाक्यं येतात का? ‘प्रेमळ आहे’, ‘लाडू छान करते’ ही सोडून! ती तुमच्याएवढी होती तेव्हा कुठं होती? शाळेत गेली का? नसेल तर कुणी थांबवलं? तिनं कुणाला काय शिकवलं? रविवारी दुपारी, ती गहू निवडत असेल किंवा ओट्यावर बसली असेल तेव्हा शेजारी जाऊन बसा. उत्तरं लगेच मिळणार नाहीत. ‘काय करायचंय तुला?’ म्हणेल. उठू नका. दुसऱ्यांदा विचारा.

आणि मग मला लिहा. दोन्ही बाजूंनी लिहा, जागा संपली तर समासात लिहा. मी सगळं वाचते.

तुमची,
ताई